आल्मेरियाच्या काटेरी रानात पाच दिवस

माझं लहानपण सुप्याच्या माळावर गेलं. ढग सह्याद्रीवर रिते होऊन आमच्याकडे येतात. वाट्याला येतो वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही त्याच्या मर्जीने. बोर, बाभूळ, हिवर, हेकळ, नेपती, कुसळी गवत आणि त्यातून उड्या मारत जाणारे चिंकारे, हे आमचं रान. पुढे कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवताना 'भूमध्यसागरी हवामान: हिवाळा पावसाचा, उन्हाळा कोरडा' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. या एका ओळीचा झाडाच्या जिवाशी काय संबंध असतो, ते यंदाच्या मार्चमध्ये प्रत्यक्ष पाहिलं.

लेक माद्रिदला नोकरी करते. "आई, तुला बार्सेलोना दाखवते," म्हणत होती. मी म्हटलं, मला स्पेनचा आग्नेय कोपरा दाखव, आल्मेरिया. युरोपातला सगळ्यात कोरडा तुकडा तो. काबो दे गाता या भूशिराजवळ वर्षाला दोनशे मिलिमीटरही पडत नाही. तिने सुट्टी काढली, आल्मेरियात भाड्याची गाडी घेतली आणि आम्ही निघालो.

पहिला दिवस: किल्ल्यावरून दिसलेली हरणं

आल्मेरिया शहराच्या डोक्यावर आल्कासाबा हा मुसलमानी राजवटीतला किल्ला आहे. खलिफा तिसरा अब्द-अर-रहमान याने इसवी सन ९५५ मध्ये तो बांधायला घेतला. तटावर चढलं की एका बाजूला बंदर आणि निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडेबोडके करडे डोंगर. डोंगर बघून मला क्षणभर जेजुरी-मोरगावच्या बाजूला आल्यासारखं वाटलं.

मागच्या तटाखाली एक दरी आहे, ला ओया नावाची. लेकीने दुर्बीण हातात दिली आणि म्हणाली, "खाली बघ." कुंपणातल्या मातीवर फिक्या रंगाची हरणं उभी होती. उभं राहण्याची ढब, कान हलवणं, सगळं चिंकाऱ्याचं. ही सहारातली गझेल हरणं. स्पेनच्या तेव्हाच्या आफ्रिकी वसाहतीतून, म्हणजे स्पॅनिश सहारातून, ती संपत चालली होती, तेव्हा खोसे आंतोनियो वाल्वेर्दे या जीवशास्त्रज्ञाने १९७१ साली काही जनावरं इथे आणून वाढवली. कोरड्या प्रदेशांच्या अभ्यासासाठी आल्मेरियात १९४७ पासून एक सरकारी संशोधन केंद्र आहे, त्याच्याकडे ही दरी असते. यातली म्होर गझेल रानातून पूर्ण नाहीशी झाली होती. आज जगात जी आहेत ती या दरीतल्या मूठभर हरणांची पिल्लावळ. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. चिंकाऱ्याचं घराणं हजारो मैल दूर, परक्या किल्ल्याच्या सावलीत तगून आहे, हे बघून डोळे भरून आले.

(आल्कासाबा सोमवारी बंद असतो. वर सावली जवळजवळ नाही. सकाळी लवकर जावं. दुर्बीण नक्की न्यावी.)

संध्याकाळी पेय मागवलं की त्याबरोबर एक छोटी ताटली फुकट येते, ही इथली जुनी रीत. आम्ही शाकाहारी, त्यामुळे लेकीने आधीच सांगून टाकलं. चेरिगान नावाचा लांबट भाजलेला पाव आला, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. दोन ठिकाणी दोन पेयं घेतली आणि रात्रीचं जेवण झालं.

दुसरा दिवस: वाळलेली बोर

शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, काबो दे गाता गावाच्या रस्त्याला, आमोलादेरास नावाचं सपाट रान आहे. काबो दे गाता-नीखार हे संरक्षित उद्यान १९८७ साली जाहीर झालं आणि १९९७ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र म्हटलं. रस्त्याला लागूनच माहिती केंद्र आहे. नकाशा तिथून घ्यावा. आम्ही पायवाटेने समुद्राच्या दिशेला चालू लागलो.

आठवडाभरापूर्वी पाऊस झालेला होता. पायाखाली रानथाइमची बुटकी सुवासिक झुडपं फुललेली, पिवळी-पांढरी इवली फुलं, गवताची हिरवळ. आणि या हिरवळीत मधेमधे करड्या काड्यांचे मोठमोठे ढीग. पंधरा-वीस पावलं रुंद, माणसापेक्षा उंच, पानाचा पत्ता नाही. लेक म्हणाली, "हे मेलेलं दिसतंय."

मी जवळ गेले. नागमोडी फांदी, प्रत्येक वळणावर काट्यांची जोडी, एक काटा सरळ आणि एक मागे वाकलेला. हा काटा माझ्या फ्रॉकला, परकराला आणि पुढे साडीच्या पदराला किती वेळा अडकलाय त्याची गणती नाही. ही बोर होती! आपल्या बोरीची सख्खी बहीण. इथे तिला असुफाइफो म्हणतात आणि तो शब्द अरबीतून आलेला आहे.

पण सगळं रान हिरवं असताना हिचीच पानं का नाहीत? पुढचा तासभर मी तिथेच घालवला, कारण माझ्या फळ्यावरच्या त्या ओळीचं उत्तर या काड्यांमध्ये होतं.

आपल्याकडे पाऊस येतो तेव्हा ऊबही असते. पाणी आणि ऊब एकत्र मिळतात, झाड चार महिन्यांत वर्षाचं काम उरकतं. इथे तसं नाही. पाणी येतं ते थंडीत, आणि ऊन तापतं तेव्हा आभाळातून थेंब नाही. झाडाने कामाला लागायचं कधी? थाइम, लव्हेंडर, रोझमेरी यांनी हिवाळा-वसंत निवडला. त्यांची मुळं बहुतेक वरच्या मातीतच पसरतात, पडलेला पाऊस लगेच पितात, मार्च-एप्रिलमध्ये फुलतात आणि उन्हाळा अंग चोरून काढतात. काही झुडपं तर उन्हाळ्यात पानंच टाकून देतात. आपली झाडं उन्हाळ्यात निष्पर्ण होतात तशीच, फक्त यांच्या झोपेला चार-पाच महिने लागतात.

बोरीने उलटा रस्ता धरलाय. ती पावसाकडे बघतच नाही. तिची मुळं खोल जाऊन भूजलाला टेकतात. खालचं पाणी बारमाही आहे, मग थंडीत कुडकुडत पानं कशाला काढायची? ती हिवाळाभर झोपते, एप्रिल-मेमध्ये पालवते, जूनच्या उन्हात फुलते आणि उन्हाळा सरताना फळं देते. सगळं रान पिवळं पडतं तेव्हा ही हिरवी असते.

ढीग का होतो तेही बघण्यासारखं. वाऱ्याने उडणारी वाळू काट्यांत अडकते, साचते, बोर त्या वाळूतून वर येते, पुन्हा वाळू साचते. पालापाचोळा, लेंड्या, कुजलेली फळं सगळं आतच राहतं, म्हणून बाहेरच्या मातीपेक्षा आतली माती सकस. आत सशांची बिळं होती. काट्यांच्या आडोशाने चार-पाच दुसरी झुडपं हिरवीगार वाढलेली: रानशतावरीची एक जात, आणि विथानिया फ्रुटेसेन्स, म्हणजे आपल्या अश्वगंधेची चुलत बहीण. बकरीचं तोंड पोचू नये असा काटेरी वाडा, आत सावली, आत खत. एक बोर म्हणजे अख्खं बेट.

पुढे भूशिराकडे गाडी काढली. वाटेत मिठागरं लागली, पलीकडे एकाकी उभं असलेलं पांढरं चर्च आणि पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे. भिगवणला उजनीच्या पाण्यात जे येतात तेच हे, मोठे रोहित. दीपगृहाजवळ वारा इतका की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. इथली माणसं सकाळी उठल्यावर वाऱ्याचं नाव विचारतात: पूर्वेचा असला तर लेवांते, पश्चिमेचा असला तर पोनिएंते. (त्या दिवशी लेवांते होता. असा दिवस असला तर पूर्वेकडे तोंड करून असलेले किनारे सोडून द्यावेत, डोळ्यांत वाळू जाते.)

भूशिराचे डोंगर जुन्या ज्वालामुखींचे. काळ्या-तांबड्या खडकांवर बुटके पंख्याचे ताड दिसतात, पाल्मितो. युरोपच्या मुख्य भूमीवर रानात आपसूक वाढणारा ताड म्हणजे हाच. त्याची एक गंमत मी वर्गात सांगायचे आणि मुलं खोटं मानायची: परागीकरण करणाऱ्या सोंड्या किड्यांना बोलवायला याची फुलं नव्हे, तर पानं वास सोडतात. खडकाच्या सावलीच्या कपारीत फिक्या गुलाबी फुलांचं एक रोप होतं, बागेतल्या डॉगफ्लॉवरच्या घराण्यातलं. अँटिरायनम कारिदेमी. जगात ते फक्त या डोंगरांत उगवतं. फोटो काढताना माझा हात थरथरत होता.

उतारावर अजून दोन ओळखीचे चेहरे भेटले. आर्तो नावाचं काटेरी झुडूप, हे आपल्या हेकळाच्याच कुळातलं. आणि कोर्निकाल, म्हणजे 'शिंगवाली': दोन शेंगा बैलाच्या शिंगांसारख्या एकमेकींपासून फाकलेल्या, तांबूस चांदणीसारखी फुलं, तोडलं की चीक. ही अनंतमुळाची नातेवाईक. बोर, हेकळ, अनंतमूळ, अश्वगंधा... युरोपात येऊन मी गावकीतली माणसं मोजत होते. याला कारण आहे. ही झुडपं उष्ण प्रदेशांतली, त्यांची भाऊबंदकी आफ्रिकेत आणि आशियात पसरलेली. या किनाऱ्यावर थंडीत सहसा गोठत नाही म्हणून ती इथे टिकून राहिली.

मुक्काम काबो दे गाता गावातच एका आजींच्या घरी होता. रात्री त्यांनी गुरुयोस केले. कणकेच्या घट्ट गोळ्यातून चिमटी-चिमटीने वळलेले तांदळाएवढे दाणे. मी बघताच ओरडले, "अगं, हे तर गव्हले!" आपण त्यांची खीर करतो, या त्यांचा रस्सा करतात. एरवी त्यात सशाचं मटण पडतं. आमच्यासाठी आजींनी घेवड्याचे दाणे आणि लाल मिरची घातली. मी त्यांना गव्हले वळून दाखवले. त्यांनी माझा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि लेकीला म्हणाल्या, "तुझ्या आईचा हात बसलेला आहे."

तिसरा दिवस: पाऊस, मिगास आणि एस्पार्तो

पहाटे पत्र्यावर आवाज झाला. पाऊस! आजी अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, "आज मिगास." आल्मेरियात पाऊस पडला की मिगास करायचे, असा नियमच आहे. आपल्याकडे पाऊस म्हटलं की कांदाभजी, तसं. पण पदार्थ भज्यांसारखा नाही. लसणाच्या पाकळ्या तेलात परतायच्या, पाणी, मीठ, आणि गव्हाचा रवा घालून तो मोकळा होईपर्यंत अर्धा-पाऊण तास उलथन्याने हलवत राहायचं. म्हणजे सांजा, मोहरी-कढीपत्ता सोडून! बरोबर तळलेल्या मिरच्या, मुळा, ऑलिव्ह. खाणाऱ्यांसाठी सार्डिन मासे. शेजारच्या तीन घरांतूनही लसणाचा तोच वास येत होता. जिथे पाऊस सणासारखा येतो तिथे त्याचं खाणंही ठरलेलं असतं.

दुपारी पाऊस थांबल्यावर नीखारला गेलो. पांढऱ्या घरांचं डोंगरउतारावरचं गाव, मातीची भांडी आणि खारापा यांसाठी नावाजलेलं. खारापा म्हणजे चिंध्या विणून केलेली सतरंजी, दोन घेतल्या. (दुपारी दोन ते पाच दुकानं बंद असतात, त्या हिशेबाने जावं.)

गावाच्या वरच्या अंगाला एक ऐंशीच्या घरातले आजोबा दारात बसून एस्पार्तो विणत होते. एस्पार्तो हे इथलं गवत, गुडघ्याएवढे ताठ झुबके करून वाढतं. त्यांच्या हातात पट्टी आपोआप लांबत होती, आम्ही बोलत असताना त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. त्यांनी सांगितलं: गवत कापत नाहीत, उपटतात. पात्यांची जुडी छोट्या दांडक्याला गुंडाळून हिसका द्यायचा, पाती निघतात, झुबका जागेवर राहतो आणि पुन्हा फुटतो. मऊ दोर हवा असेल तर पाती कित्येक दिवस पाण्यात भिजत घालायची, वाळवायची आणि लाकडी मोगरीने कुटायची. मला आमच्या गावातला वाख आठवला. केकताडाची पानं ओढ्यात कुजवून, ठेचून त्याचा वाख काढायचा आणि दावी, कासरे, चऱ्हाटं वळायची. बोटांची हालचालसुद्धा तीच, तळहात मांडीवर फिरवण्याची.

या गवतावर इथली माणसं किती काळ जगली त्याला हिशेब नाही. शेजारच्या ग्रानादा प्रांतात आल्बुन्योलजवळच्या वटवाघळांच्या गुहेत एस्पार्तोच्या टोपल्या आणि चपला सापडल्या आहेत. २०२३ साली त्यांचं वय नव्याने काढलं तर टोपल्या साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या निघाल्या, शेती यायच्याही आधीच्या. एकोणिसाव्या शतकात इथलं गवत जहाजं भरभरून इंग्लंडला जायचं, कागदासाठी. मग प्लॅस्टिकचे दोर आले. "माझ्या बापाच्या वेळी अख्खा डोंगर हे गवत उपटायला जायचा," आजोबा म्हणाले. "आता मला एक भारा आणून द्यायला माणूस मिळत नाही."

गावाबाहेर थांबून मी ओल्या झुबक्यांची पाती पाहिली. चपटी, पट्टीसारखी उघडलेली. कोरड्या दिवशी हीच पाती सुईसारखी गोल गुंडाळलेली असतात. श्वासरंध्रं आतल्या खाचांत असतात. पातं मिटलं की ती झाकली जातात आणि वाफ बाहेर जात नाही. दुसऱ्या दिवशी वारा सुटल्यावर पाहिलं तर निम्मी पाती मिटायला लागली होती.

चौथा दिवस: ताबेर्नासची कातडी

ताबेर्नासचं वाळवंट आल्मेरियापासून तीसेक किलोमीटर उत्तरेला, फिलाब्रेस आणि आलामिया या डोंगररांगांच्या मधे. अटलांटिकवरून येणारे ढग पश्चिमेच्या डोंगरांवरच पाणी टाकून मोकळे होतात. त्यात ३,४७९ मीटर उंचीचं मुलासेन हे शिखर आहे. तीच पर्जन्यछाया, जी सह्याद्री आमच्या माळावर टाकतो. बहुतेक लोक इथे येतात ते १९६० च्या दशकात उभारलेले काउबॉय सिनेमांचे सेट बघायला. आम्ही ते बाहेरून पाहिले आणि पुढे गेलो.

इथला भूभाग म्हणजे नुसत्या घळी. मऊ, राखाडी मातीचे सुरकुतलेले डोंगर, मधून कोरड्या ओढ्यांचे रुंद पाट. त्या पाटांना रांब्ला म्हणतात. आम्ही इथल्या मातीवर अभ्यास केलेली एक तरुण वाटाडी बरोबर घेतली होती आणि तो निर्णय फार चांगला ठरला, कारण तिने पहिल्याच चढावर माझा दंड धरून थांबवलं. "ती माती नाही. ते जिवंत आहे."

मी गुडघे टेकून भिंग लावलं. दक्षिणेकडचा उतार नागडा होता, पण उत्तरेकडच्या, ऊन कमी लागणाऱ्या उतारावर पांढरट खपल्यांचा थर पसरलेला. दगडफूल म्हणून आपण मसाल्यात घालतो त्याच्याच जातकुळीतली, पण जमिनीला चिकटून वाढणारी धोंडफुलं. खपल्यांच्या मधल्या काळसर जमिनीत निळं-हिरवं शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. त्यांचे चिकट तंतू मातीचे कण बांधून ठेवतात. तिने बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. मिनिटा-दोन मिनिटांत काळं होतं ते हिरवं झालं. झोपलेलं उठलं, श्वास घ्यायला लागलं. एका बुटाचा ठसा भरून यायला मात्र कित्येक वर्षं लागतात. तीस वर्षं शिकवूनही या कातडीकडे मी अशा नजरेने कधी पाहिलं नव्हतं, आणि सुप्याच्या माळावर मी कुठेकुठे धावले असेन, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

(तर टीप अशी: ताबेर्नासमध्ये रांब्लाच्या वाळूतूनच चालावं, उतारांवर चढू नये. आणि आभाळ भरलं असेल तर रांब्लात मुळीच उतरू नये. पाणी लांबच्या डोंगरातून अचानक येतं. माणशी दोन लिटर पाणी मार्चमध्येही लागलं.)

उतारावर एस्पार्तोचे झुबके होते, पण विखुरलेले. दोन झुबक्यांमध्ये उघडी जमीन. माझ्या विद्यार्थ्यांनी याला विरळ, खराब रान म्हटलं असतं. वाटाडीने वरून खाली हात फिरवून दाखवलं: उघड्या जमिनीवर पडलेलं पाणी मुरत नाही, घसरत खालच्या झुबक्यापाशी येतं, तिथे अडतं, मुरतं. म्हणजे प्रत्येक झुबक्याचं स्वतःचं पाणलोट क्षेत्र. उघडी जागा रिकामी नसते, ती झुबक्याची ओंजळ असते. दोनेकशे मिलिमीटरचा पाऊस सगळीकडे सारखा वाटला तर कुणालाच पुरणार नाही. असा गोळा केला तर काहींना पुरतो. आपल्याकडचे पाणलोटाचे बांध पाहिलेल्या कुणालाही हे लगेच पटेल.

रांब्लाच्या काठाला रेतामाची झुडपं होती. नेपतीसारखीच पानांवाचून, हिरव्या काड्यांनीच अन्न करणारी. दोघींचं कूळ वेगळं, पण कोरड्या हवेने दोघींना एकच युक्ती शिकवली. १९९० च्या दशकात याच भागात मोजलं तेव्हा रेतामाची मुळं २८ मीटरच्याही खाली गेलेली सापडली. आमच्या वाड्यातल्या विहिरीपेक्षा खोल! तिच्या विरळ सावलीत मात्र गवत-फुलांचा गालिचा होता. खालची माती नत्राने समृद्ध, ऊन गाळून आलेलं, म्हणून कोवळी रोपं उघड्यापेक्षा तिथे जास्त जगतात. अभ्यासक अशा झुडपाला दाई म्हणतात. मी आजवर वाचलेल्या पारिभाषिक शब्दांत मला हा सगळ्यात आवडतो.

पाचवा दिवस: प्लॅस्टिकचा समुद्र

रोदाल्किलारच्या दरीत एकेकाळी सोन्याची खाण होती. १९६६ साली ती बंद पडली, पडक्या टाक्या डोंगरावर अजून उभ्या आहेत. गावात एल आल्बार्दिनाल नावाची छोटी वनस्पतिबाग आहे. पाच दिवसांत पाहिलेलं सगळं तिथे नावांच्या पाट्यांसकट एकत्र दिसतं. ज्यांना झाडांची ओळख नाही त्यांनी सहलीची सुरुवात इथून करावी. आम्ही उलट केलं.

परिसरात घायपाताची जुनी लागवड आहे, दोरासाठी १९५० च्या दशकात केलेली. धंदा बसला, घायपात राहिलं आणि पसरत गेलं. फड्या निवडुंगाची कुंपणं मात्र जागोजाग कोसळलेली दिसतात. पानांवर पांढरा कापसासारखा किडा. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निवडुंगाने जमिनी व्यापल्या म्हणून हाच किडा मुद्दाम सोडला गेला होता. इथे तो नको असताना आला.

परतताना नीखारच्या सपाटीवरून आलो. दूरवर पांढरं काहीतरी चकाकत होतं. समुद्र वाटला. जवळ आल्यावर कळलं, प्लॅस्टिक. शेडनेटसारखी हरितगृहं, एकाला एक चिकटून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. आल्मेरिया प्रांतात अशी तीस हजार हेक्टरांहून जास्त जमीन झाकलेली आहे. उत्तर युरोप हिवाळ्यात जी काकडी, मिरची आणि टोमॅटो खातो त्यातला मोठा वाटा इथला. ज्यांच्या आजोबांनी एस्पार्तो उपटून दिवस काढले त्यांच्या घरात या शेतीने पैसा आला, हे मी विसरत नाही. राफ नावाचा इथला खाचांचा टोमॅटो आम्ही मीठ आणि तेल लावून खाल्ला, तसा टोमॅटो मी आयुष्यात खाल्ला नव्हता.

पण या सपाटीवर बोरींची रानं होती. १९९२ च्या युरोपीय निर्देशात ती अग्रक्रमाने जपायच्या अधिवासांच्या यादीत आली, तोवर खूपशी नांगराखाली गेली होती. आणि ज्या भूजलावर बोर उन्हाळा काढते तेच पंपाने उपसलं जातं, आता समुद्राचं पाणी गोडं करूनही भागवावं लागतं. बोर तोडली नाही तरी तिच्या मुळाखालचं पाणी खाली सरकतं. गाडीत मी गप्प होते. लेकीने विचारलं तेव्हा सांगितलं की मला आमच्याकडचे उसाचे फड आणि आटलेल्या बोअरवेल दिसतायत.

रान 'पडीक' म्हटलं की अर्धं गेलेलंच असतं. आपल्या देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशासंग्रहात झुडपी जमीन हा पडीकाचाच एक प्रकार आहे. माळावर झाडं लावायचे कार्यक्रम होतात, खड्डे खणताना कुसळी गवत आणि हेकळ उपटून टाकतात, आणि कुणालाच काही तोडल्यासारखं वाटत नाही. विदर्भातल्या 'झुडपी जंगल' जमिनी वनजमीनच मानायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात सांगितलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आमच्या बाजूच्या माळांना अजून तसं कुणी म्हटलेलं नाही.

संध्याकाळी निघण्याआधी मी आजींना पुन्हा त्या करड्या ढिगांबद्दल विचारलं. त्या लहान असताना गुरं राखायच्या. उन्हाळ्यात दुपारी सगळी पोरं बोरीच्या सावलीला बसायची, कारण दुसरी सावलीच नव्हती, आणि ऑगस्ट सरताना लहान गोलसर बोरं वेचून खिसे भरायची. "बिया मोठ्या, गर थोडा," त्या म्हणाल्या. "पण गोड. तू चुकीच्या महिन्यात आलीस. जुलैत ये."

(जुलैत ऊन फार, चालायला मार्च-एप्रिलच बरा.)

परवा, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, लेकीच्या फोनवर आजींनी एक फोटो पाठवला. तिने तो मला पुढे पाठवला. मी सुप्यातच होते, बाहेर भुरभूर पाऊस होता आणि परसातली बोर नव्या पानांनी भरलेली होती. फोटोत आमोलादेरासची जमीन बिस्किटासारखी पिवळी, थाइमची काळपट काड्यांची बुंधं, आभाळ पांढरंफटक. आणि मधोमध तोच ढीग, मार्चमध्ये लेक ज्याला मेलेलं म्हणाली होती तो, गच्च हिरवा. फोटोखाली आजींनी दोनच शब्द लिहिले होते. लेकीने त्याचं मराठी करून पाठवलं: "जागी झाली."